मिसळीचा आणि मगरीचा संबंध काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की पेपरातली साधी शब्दकोडी तुम्ही चहा संपायच्या आत उरकता, पण आपल्या मंडळींत दर रविवारी फिरणारं गूढकोडं घेतलं की डोकं बंद पडतं, सोमवारी उत्तर समोर आलं तरी ते कसं आलं कळत नाही, आणि परवाच्या 'गरम मिसळ, मग नदीकाठी सुस्त पडलेली (३)' या क्लूचं उत्तर 'मगर' बघून तर तुम्ही वैतागून विचारलंत की मिसळीचा आणि मगरीचा संबंध काय. काही नाही. संबंध नाही म्हणूनच तर तो क्लू जमलाय.

आता हाच क्लू नीट उघडून बघू, कारण यात जवळजवळ सगळं आहे. गूढ क्लूमध्ये दोन गोष्टी असतात. एक, उत्तराची व्याख्या, म्हणजे साध्या कोड्यात असते तीच, आणि ती क्लूच्या सुरुवातीला नाहीतर शेवटी असते, मध्ये कधीच नसते. दुसरी, ते उत्तर अक्षरांतून कसं घडतं त्याची कृती. इथे व्याख्या शेवटी आहे: 'नदीकाठी सुस्त पडलेली'. कृती पुढे आहे: 'गरम मिसळ', म्हणजे ग, र, म ही अक्षरं एकमेकांत मिसळ. मिसळ हे नाम नाहीये हो, आज्ञार्थी क्रियापद आहे! तुम्ही फरसाण आणि कट बघत बसलात आणि रचणारा तुम्हाला सरळ हुकूम देत होता. आणि 'मग'? 'असं केलंस की मग हे मिळेल', बस, एवढंच त्याचं काम. झाला प्रत्येक शब्दाचा हिशोब.

हा हिशोब हीच सगळी भानगड आहे. साध्या कोड्यात उत्तर चौकटीत बसलं की काम संपलं. इथे उत्तर सापडणं आणि क्लू सुटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. याच क्लूला एकांनी 'सुसर' लिहून पाठवलं होतं आणि ते भांडायला लागले की माझं का चूक. तीन अक्षरं बरोबर, नदीकाठी पडलेली असते तेही बरोबर, स्त्रीलिंगी आहे, आणि गंमत म्हणजे उभ्या शब्दातून शेवटचं अक्षर 'र' मिळत होतं तेही जुळत होतं. पण मग 'गरम मिसळ'चं काय करायचं? ते दोन शब्द रिकामे बसून राहतात. क्लूमध्ये एक जरी शब्द बेकार राहिला तरी समजायचं की आपण अजून पोचलो नाही, मग उत्तर कितीही छान बसत असू दे.

आणि हाच नियम रचणाऱ्यालाही लागू. नवीन माणूस हा क्लू लिहायला बसला तर शंभर टक्के 'गरम मिसळ खाऊन नदीकाठी सुस्त पडलेली' असं लिहील, कारण वाक्य जास्त छान वाटतं. पण 'खाऊन' हा शब्द या खेळात 'पोटात घेऊन' असा वाचला जातो, म्हणजे एका शब्दात दुसरा कोंबा. इथे कोंबायचं काहीच नाही, म्हणजे तो शब्द सोडवणाऱ्याला फुकट रानात पाठवतो. फसवायचं जरूर, पण खोटं बोलायचं नाही. आफ्रित या टोपणनावाने कोडी रचणारे रिची नावाचे एक इंग्रज गृहस्थ होते, त्यांनी १९४९ सालीच हे लिहून ठेवलंय, सांगण्याचा मतलब असा की मी जे बोलतो तेच माझ्या मनात असेल असं नाही, पण जे मनात आहे ते माझ्या बोलण्यात असायलाच हवं.

इतिहासात फार शिरत नाही, पण एवढं माहीत असलेलं बरं. शब्दकोडं पहिल्यांदा छापलं गेलं २१ डिसेंबर १९१३ ला न्यूयॉर्कच्या पेपरात, आर्थर विन यांचं, आणि ते साधंच होतं. गूढ प्रकार वाढला इंग्लंडात. ऑब्झर्व्हर या साप्ताहिक पेपरात १९२६ पासून टॉर्केमादा नावाने कोडी यायला लागली, भयंकर अवघड, आणि न्याय-अन्यायाची फारशी फिकीर नसलेली. १९३९ मध्ये ते गेले आणि त्यांच्या जागी झिमेनीस आले, म्हणजे मॅकनट नावाचे शिक्षक. त्यांनी शिस्त लावली: नेमकी व्याख्या, प्रामाणिक शब्दखेळ, आणि तिसरं काही म्हणजे काही नाही. त्यांच्या पश्चात १९७२ पासून अझेड. टॉर्केमादा आणि झिमेनीस ही दोन्ही नावं स्पेनमध्ये लोकांचा छळ करणाऱ्या धर्मन्यायाधीशांची आहेत, आणि अझेड हे डेझा नावाच्या तसल्याच तिसऱ्याचं नाव उलटं लिहिलेलं. सोडवणाऱ्यांबद्दल या लोकांच्या काय भावना होत्या ते यातून कळतं. आपल्याकडे ज्यांना ही चटक लागली त्यातल्या बऱ्याच जणांना ती हिंदू पेपरमुळे लागली, त्याच्या रविवारच्या अंकात कित्येक वर्षं ऑब्झर्व्हरचंच एव्हरीमन नावाचं सोपं भावंड यायचं.

तुम्ही 'ओढूनताणून' म्हणालात त्यावर मात्र माझा आक्षेप आहे. हे आपल्याला परकं अजिबात नाही. 'केशवं पतितं दृष्ट्वा' हा कूटश्लोक शाळेत संस्कृतच्या सरांनी घातलेला आठवत असेल. केशव पडलेला बघून द्रोणाला आनंद झाला आणि सगळे कौरव रडायला लागले, ऐकणारा महाभारतात शिरतो आणि म्हणतो हे उलटंच कसं. तर के म्हणजे पाण्यात, शव म्हणजे प्रेत, द्रोण म्हणजे डोमकावळा आणि कौरव म्हणजे कोल्हे. केशव तोडला की के आणि शव. हा चक्क गूढ क्लू आहे, फक्त चौकट आणि कंसातला आकडा नाही.

आता आपल्या कोड्यांत नेहमी येणारे प्रकार बघा, आणि बघताना मराठी काय वेगळं करते तिकडे लक्ष ठेवा, कारण इंग्रजी कोड्यांची पुस्तकं वाचून इकडे आलेल्या लोकांची गाडी तिथेच अडते.

पहिली गोष्ट, आपलं एक घर म्हणजे एक अख्खं अक्षर, काना-मात्रा-अनुस्वार-जोडाक्षरासकट. 'स्वातंत्र्य' हा एवढा मोठा शब्द तीन घरांत बसतो: स्वा, तं, त्र्य. याचा परिणाम फार दूरवर जातो. इंग्रजीत नऊ अक्षरांची उलटापालट करायची तर ३,६२,८८० मांडण्या होतात, कागद-पेन्सिल लागते. आपल्याकडे तीन अक्षरांच्या फक्त ६ आणि चारांच्या २४, म्हणजे कुठली अक्षरं हलवायची हे एकदा कळलं की उत्तर पाच सेकंदात. म्हणून मराठीत रचणारा अक्षरं लपवत नाही, हुकूम लपवतो. मिसळ, भेळ, काला, खिचडी, गोंधळ, तमाशा, वळण, फिरवून, मोडून, उधळून, असला शब्द दिसला की आधी संशय घ्या. खाण्याचे पदार्थ तर विशेष धोकादायक. 'खबर फिरवून लिहिलेला इतिहास (३)' हा माझा आवडता, उत्तर 'बखर'. 'फिरवून' हा हुकूम इतका साध्या कपड्यांत उभा आहे की दिसतच नाही.

इथे एक वाद आहे तोही सांगतो. 'खबर'च्या जागी 'बातमी फिरवून लिहिलेला इतिहास' असं दिलं तर? म्हणजे आधी बातमीचा समानार्थी शब्द तुम्ही शोधायचा आणि मग तो हलवायचा. झिमेनीसच्या पंथात याला सक्त मनाई आहे, जी अक्षरं हलवायची ती डोळ्यासमोर हवीत. आपल्यातले काही जण म्हणतात मराठीत तीनच तर अक्षरं, चालवून घ्या. मला पटत नाही. बातमी म्हणजे वार्ता, वृत्त, वर्दी, खबर, आणि यातलं नेमकं कुठलं हे उत्तर आधी कळल्याशिवाय कळणार नसेल तर त्या क्लूचा उपयोग काय?

दडलेला शब्द हा सगळ्यात सोपा प्रकार, नवीन माणसाने कोडं हातात आलं की आधी हेच शोधावेत. 'विमान सटकण्यात दडलेला हेतू (३)'. विमान आणि सटकण्या हे शब्द चिकटवून वाचा: वि, मा, न, स, ट... मधून 'मानस' निघाला. तिकडे जायचा मानस आहे म्हणतो ना आपण, तो. मराठीची खुबी बघा, 'आत शोध' हे सांगायला वेगळा शब्दच लागला नसता, 'सटकण्यात'मधल्या त-नेही भागलं असतं. नुसत्या विभक्तीच्या प्रत्ययात हुकूम लपवता येतो, ही सोय इंग्रजीवाल्यांना नाही.

पण त्याच विभक्तीने रचणाऱ्याचे वांधेही होतात. प्रत्यय लागला की शब्दाचं सामान्यरूप होतं, घोडा असेल तर घोड्याचा, मग 'घोड्याचा शेवट' म्हणजे डा की ड्या? म्हणून हुशार रचणारे असे शब्द निवडतात जे प्रत्यय लागूनही बदलत नाहीत. 'सरकारचा शेवट गेला, बाजूला व्हा! (३)'. सरकारमधला शेवटचा र गेला, राहिलं 'सरका'. बाजूला व्हा म्हणजेच सरका. अशा कापाकापीच्या क्लूमध्ये डोकं उडालं, शेंडा खुडला, बिनबुडाचा, अर्धवट, पोकळ असले शब्द येतात. पोकळ म्हणजे मधलं काढा, फक्त कडा ठेवा.

एकात एक कोंबायचा नमुना: 'खरेदीचं ठिकाण? बारमध्ये जा! (३)'. बार या शब्दात 'जा' हे अक्षर ठेवा, बा-जा-र. याहून जास्त समजावण्यासारखं त्यात काही नाही, पण या क्लूने चांगल्या चांगल्या लोकांना रविवारभर बसवून ठेवलं होतं, कारण 'जा' ऐकलं की माणूस निघायच्या तयारीला लागतो, 'जा' हे नुसतं अक्षर आहे हे डोक्यातच येत नाही. आणि विरामचिन्हं, म्हणजे स्वल्पविराम, उद्गारचिन्ह, हे सगळं धूळफेक असतं, खुशाल विसरा. फक्त प्रश्नचिन्हाकडे थोडं लक्ष द्या, बऱ्याचदा ते 'इथे जरा चावटपणा केलाय' असं सांगत असतं.

जोडून शब्द करायचे क्लू मराठीत चिक्कार होतात. 'हल्ल्यानंतर हत्ती पंढरपूरला निघालेला (४)'. हल्ला म्हणजे वार, त्याच्यानंतर हत्ती म्हणजे करी, वारकरी. 'नंतर' या शब्दाने क्रम सांगितलाय, तो नीट पाळायचा. करी म्हणजे हत्ती हे माहीत नसेल तर अडाल, कबूल आहे, हा थोडा पुस्तकी शब्द आहे, पण शेवटी 'पंढरपूरला निघालेला' इतकं सरळ दिलंय की उत्तर आधी मिळतं आणि करीचा अर्थ मग शब्दकोशात बघून खात्री करता येते. असं उलट्या दिशेने जाणं अगदी रीतसर आहे. मी तर म्हणेन निम्मे क्लू असेच सुटतात, आधी व्याख्येवरून अंदाज आणि मग कृतीवरून पडताळा, फक्त पडताळा टाळायचा नाही.

उलटं वाचायचे क्लू: 'उलटी वाहणारी नदी गरीब बिचारी (२)', उत्तर दीन. घर अख्ख्या अक्षराचं असल्याने 'दी'ची वेलांटी 'दी'बरोबरच जाते. आणि इथेच ऱ्हस्व-दीर्घाचं भूत उभं राहतं. 'शिरा' उलटा केला की 'राशि' होतं, पण मराठीत आपण लिहितो 'राशी', शेवटची वेलांटी दीर्घ. मग चालवायचं का? काही जण चालवतात, मी चालवत नाही, आणि माझ्या कोड्यात आडव्या-उभ्या शब्दांच्या सामाईक घरातही वेलांटी जुळलीच पाहिजे असा आग्रह असतो. जे चालवतात त्यांनी निदान कोड्याच्या वर तसं लिहावं. नवजीवन हा शब्द मात्र दोन्हीकडून सारखाच, न-व-जी-व-न, त्यामुळे 'कसंही फिरवलं तरी नवं आयुष्य (५)' असला क्लू कुणीतरी वर्षातून एकदा देतंच, तो आला की ओळखीचा माणूस भेटल्यासारखा हसून सोडवायचा.

दुहेरी अर्थाच्या क्लूत कृतीच नसते, दोन व्याख्या शेजारी शेजारी ठेवलेल्या असतात. 'जेवायला बसायचं की शेताला पाणी द्यायचं? (२)'. पाट. जेवायला पाटावर बसतो, शेताला पाटाचं पाणी. पण या प्रकारात मराठीचा खरा खजिना दुसरीकडे आहे. इंग्रजीत लिहिणं वेगळं आणि उच्चार सारखा असे शब्द ढिगाने, त्यामुळे तिकडे 'ऐकू येतं', 'म्हणतात' अशा खुणा देऊन उच्चारावर क्लू करतात. आपलं लिहिणं बोलण्याला बऱ्यापैकी धरून चालतं, म्हणून तो प्रकार इथे फारसा पिकत नाही. पण उलटा प्रकार पिकतो: लिहायला तेच आणि उच्चार दोन. च आणि ज मुळे. 'थोडंसं म्हातारपण (२)' एवढाच क्लू, दोन शब्दांचा. उत्तर 'जरा'. जरा थांब मधला जरा, आणि जरा-मरण मधली जरा. तोंडाने दोन वेगळे शब्द, कागदावर एकच. 'जग' चं पण तसंच, विश्व या अर्थाचं आणि 'मरू नकोस, जग' मधलं. असले शब्द वहीत जमवत राहा, रचायला लागाल तेव्हा सोनं आहे.

आणखी एक फुकटची मदत जी इंग्रजी सोडवणाऱ्याला मिळत नाही ती म्हणजे लिंग. 'सुस्त पडलेली' म्हटलंय, म्हणजे उत्तर बहुतेक स्त्रीलिंगी, 'निघालेला' म्हटलंय, म्हणजे पुल्लिंगी. मराठीत व्याख्या हटकून -णारा, -णारी, -लेला, -लेली अशा शब्दांवर संपतात, त्यामुळे क्लूच्या शेपटाला असा शब्द दिसला की तीच व्याख्या धरा आणि लिंग टिपून ठेवा. रचणाऱ्याची कसोटी इथे असते, कारण वरवरच्या गोष्टीतलं लिंग आणि उत्तराचं लिंग जुळवून घ्यावं लागतं. मिसळही ती आणि मगरही ती, म्हणून वाक्य सांधा न दिसता पुढे सरकलं.

नियमात बसूनही नियमांना टांग मारणारे क्लू असतात, त्यांचा नाद सुरुवातीला करू नका. इंग्रजीतला एक फार प्रसिद्ध नमुना सांगतो, क्लू म्हणून नुसती अक्षरं छापलेली: एच, आय, जे, के, एल, एम, एन, ओ, आणि कंसात ५. एचपासून ओपर्यंत, म्हणजे एच टू ओ, म्हणजे वॉटर. यात स्वतंत्र व्याख्या कुठाय असं कट्टर लोक विचारतात आणि रास्त विचारतात, पण मजा आली की नाही?

आता प्रत्यक्ष बसाल तेव्हा असं करा. कोडं हातात आलं की पहिल्या क्लूवर ठाण मांडू नका, सगळे क्लू एकदा वाचून काढा आणि दडलेले, उलटे, पाटासारखे लहान दोन घरांचे जे दिसतील ते उचला. आपल्याकडे शब्द लहान आणि प्रत्येक घरात मात्रेसकट अक्षर, त्यामुळे एक सामाईक अक्षर मिळालं की तीन घरांचा शब्द अर्धा उघडतो. अडलेल्या क्लूला वाक्य म्हणून वाचणं सोडा, शब्दांमध्ये उभ्या रेघा मारा, आणि प्रत्येक शब्दाला विचारा की तू नाम आहेस की क्रियापद, की नुसता अक्षरांचा डबा. मिसळ, उसळ, मोड, वळ, चाळ, कर असे दोन्हीकडे नांदणारे शब्द दिसले की तिथे खोदा. तरीही नाही सुटला तर सोडा आणि संध्याकाळी परत बघा, ताजा डोळा खरंच वेगळं वाचतो.

उत्तर पाठवताना नुसतं उत्तर नको, फोड लिहायची सवय लावा. आम्ही अशी लिहितो: मगर. व्याख्या: नदीकाठी सुस्त पडलेली. घडण: 'गरम'ची अक्षरं मिसळून. जोड: मग. एवढंच, तीन ओळी. लिहायला बसलं की कुठला शब्द हिशोबात येत नाहीये ते लगेच टोचतं, आणि कधी कधी कळतं की आपलं बरोबर आहे, क्लूच गळका आहे, तेव्हा रचणाऱ्याला बिनधास्त विचारा, त्याने उत्तर द्यायलाच पाहिजे.

या आठवड्याच्या कोड्यातले दोन तुमच्यासाठी आधीच काढून देतो, उत्तर नको, फोड पाठवा. 'झाडीतला दुर्गंध सोसावा लागला रामाला (४)' हा पहिला, तो तुम्हाला बसल्या जागी सुटेल. दुसरा 'कलम कसंही लावा, उगवतं चिखलातच (३)'. यात 'कसंही' हा शब्द फुकटचा नाही, एवढंच सांगतो.